बीएएसएलपीला ५६ टक्के, पहिल्या वर्षी दोन केटी : मास्टर्सचा अर्ज कसा बांधायचा?

मुक्ता_ना

नमस्कार. थेट प्रश्नावर येते. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) झालं आहे, इंटर्नशिप दीड महिन्यात संपेल. एकूण ५६ टक्के. पहिल्या वर्षी दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते दुसऱ्या प्रयत्नात सुटले: शरीररचना आणि इलेक्ट्रॉनिक्स-ध्वनिशास्त्राचा पेपर. शेवटच्या वर्षाची सरासरी मात्र ६७ आहे. अमेरिकेत एसएलपीचं (वाचा-भाषा उपचार) एमएस करायची इच्छा आहे. ऑडिओलॉजीही (श्रवणशास्त्र) आवडते, आणि एयूडीला (त्यातली डॉक्टरेट) प्रवेश सोपा असतो असं ऐकलंय. बऱ्याच विद्यापीठांच्या पानावर '३.० जीपीए किमान' (४ पैकी सरासरी गुणांक) दिसतं. टक्के भागिले २५ केलं तर माझे २.२४ येतात, म्हणजे दार बंदच. खरंच तसं आहे का? केटीचा उल्लेख एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) करावा की टाळावा? आणि भारतातच एम.एस्सी. करायचं ठरवलं तर या टक्क्यांवर किती आशा धरावी?

अनुस्वार

आधी तो २.२४ चा हिशेब पुसून टाका. टक्क्यांना २५ ने भागणं ही चूक इतकी पसरली आहे की त्यापायी कित्येक जण अर्जच करत नाहीत. आपल्याकडे ६० ला फर्स्ट क्लास आहे आणि ५० ला पास. तिकडे ६० म्हणजे नापासाच्या उंबऱ्यावर. मूल्यांकन करणाऱ्या संस्था आपल्या विद्यापीठाची श्रेणीपद्धत बघून प्रत्येक विषयाला अमेरिकन ग्रेड देतात आणि मग क्रेडिटच्या वजनाने सरासरी काढतात. म्हणून तुमचा जीपीए एकूण टक्केवारीवरून निघत नाही, तो विषयवार निघतो. वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) ही अशीच एक संस्था, तिच्या संकेतस्थळावर अंदाज काढायची सोय आहे. प्रत्येक पेपरचे गुण वेगळे भरा, तासभर जाईल, पण त्यातून आलेला आकडा धरून चाला.

खरा अहवाल मागवताना 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारच घ्या. नुसता पदवीची समतुल्यता सांगणारा अहवाल स्वस्त पडतो, पण जीपीए त्यात नसतो, आणि मग दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. ट्रान्सक्रिप्ट तुम्ही पाठवून चालत नाही, विद्यापीठाकडूनच जावं लागतं. वेसचा फॉर्म भरून, सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका जोडून विद्यापीठात अर्ज द्यायचा. अडकतं ते इथेच: नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं, किंवा दुसऱ्या प्रयत्नाची गुणपत्रिकाच जोडलेली नाही. डिसेंबरची मुदत गाठायची असेल तर हे काम जूनमध्ये सुरू करा.

आता ३.० ची अट. ती दोन प्रकारची असते. काही ठिकाणी संपूर्ण ग्रॅज्युएट स्कूलचा नियम असतो, काही ठिकाणी फक्त विभागाचा. नियम स्कूलचा असला तरी विभागाला अपवादाची विनंती करता येते आणि काही विभाग ती करतात, सशर्त प्रवेश देऊन. काही विभाग कधीच करत नाहीत. हे पानावर लिहिलेलं नसतं, म्हणून ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला चार ओळींची मेल करा: अट कुणाची आहे, अपवाद मागता का, आणि एकूण जीपीए बघता की शेवटच्या ६० क्रेडिटचा. 'माझं प्रोफाइल बघून सांगा' असं लिहू नका, त्याला छापील उत्तर येतं.

शेवटच्या ६० क्रेडिटचा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे. उदाहरणाला आकडे घेऊ. पदवी १२० क्रेडिटची, पहिल्या ६० ची सरासरी २.५, नंतरच्या ६० ची ३.१. एकूण २.८. आता १२ क्रेडिट नवे घेतले, सगळ्यात ए मिळाला. एकूण सरासरी जाते फक्त २.९१ वर. ३.० गाठायला असे २४ क्रेडिट लागतील. पण शेवटच्या ६० त तेच १२ क्रेडिट धरले, म्हणजे ४८ क्रेडिट ३.१ चे आणि १२ क्रेडिट ४.० चे, तर सरासरी ३.२८ होते. तेच गुण, तीच मेहनत, फक्त मोजपट्टी वेगळी. पदवीनंतर घेतलेले क्रेडिट या ६० त धरतात का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. सगळे धरत नाहीत.

विद्यापीठं निवडायला आशाचं (ASHA, या व्यवसायाची अमेरिकन संघटना) एडफाइंड हे संकेतस्थळ वापरा. प्रत्येक अभ्यासक्रमाकडे किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला, प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत होता, हे तिथे दिसतं. सरासरीपेक्षा खालची मर्यादा बघा. सरासरी ३.७ आणि तळ ३.५ असेल तिथे पैसे घालू नका. सरासरी ३.५ पण तळ २.९ असेल, तर ते लोक खरोखर अर्ज वाचतात.

सुलेखा_डी

अनुस्वार यांनी गणित नीट सांगितलं आहे. मी प्रीरिक्विझिटवर (आधी पूर्ण हवेत असे विषय) लिहिते, कारण भारतातून येणारे अर्ज गुणांइतकेच इथेही अडखळतात.

आशाच्या प्रमाणपत्रासाठी चार मूलभूत विषय लागतात: संख्याशास्त्र, जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, आणि सामाजिक किंवा वर्तनशास्त्र. आपली मुलं म्हणतात, 'हे सगळं बीएएसएलपीत झालं.' झालेलं नसतं. रिसर्च मेथडॉलॉजीसोबत शिकवलेलं संख्याशास्त्र चालत नाही, संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर हवा. वाचा आणि श्रवण यंत्रणेची शरीररचना जीवशास्त्र म्हणून धरत नाहीत, ती व्यावसायिक विषयात जाते. बारावीचं फिजिक्स महाविद्यालयीन मानलं जात नाही. मानसशास्त्राचा पेपर मात्र बहुतेकांचा सुटतो. विषय मान्य करणं शेवटी त्या-त्या विभागाच्या हातात असतं, त्यामुळे प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, तासांसकट, पीडीएफ करून तयार ठेवा. विद्यापीठाच्या शिक्क्याची प्रत असेल तर उत्तम.

तुम्हाला इथे संधी आहे. हे राहिलेले विषय अमेरिकेतल्या एखाद्या मान्यताप्राप्त कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन घ्या. प्रत्येकी साधारण ३ क्रेडिट, संख्याशास्त्र-जीवशास्त्र-भौतिकशास्त्र धरून ९ ते १२ क्रेडिट होतात. अट पुरी होते, आणि अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवर ताजे ग्रेड येतात, ज्यांना कुठल्याही रूपांतराची गरज नाही. समितीच्या मनातली शंका एकच असते: हा विद्यार्थी ग्रॅज्युएट स्कूलमध्ये बी टिकवेल का? कारण तिथे ३.० च्या खाली घसरलं की प्रोबेशन. संख्याशास्त्रातला ताजा ए त्या शंकेला दिलेलं सगळ्यात थेट उत्तर आहे. मात्र एका वेळी दोनच विषय घ्या. नोकरी सांभाळून चार घेतले आणि एकात सी आला तर होता तो फायदाही जातो. सीएसडीकॅसमध्ये (या अभ्यासक्रमांची सामाईक ऑनलाइन अर्जप्रणाली) पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात.

क्लिनिकच्या तासांबद्दल गैरसमज नको. तिकडे एकूण ४०० तास लागतात: २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष कामाचे, आणि त्यातले किमान ३२५ ग्रॅज्युएट अभ्यासक्रमातच व्हावे लागतात. म्हणजे पदवीचे फार तर ५० प्रत्यक्ष तास धरता येतील, तेही देखरेख करणाऱ्याकडे आशाचं सीसीसी (तेच व्यावसायिक प्रमाणपत्र) असेल तर. आपल्याकडच्या सुपरवायझरकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, सीसीसी क्वचितच. त्यामुळे इंटर्नशिपचे शेकडो तास मोजणीत येत नाहीत. पण तुमची खरी ताकद तीच आहे, कारण अमेरिकेतल्या बहुतेक अर्जदारांनी पदवीपर्यंत निरीक्षणापलीकडे फारसं काही केलेलं नसतं. लॉगबुक नीट आवरा: वयोगट, निदान, तुम्ही काय केलं, किती तास. 'विविध रुग्ण पाहिले' याला काही किंमत नाही. 'तोतरेपणाचे इतके, अफेझियाचे (मेंदूच्या इजेने भाषा बिघडणं) इतके, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरच्या प्रशिक्षणाची इतकी मुलं' असं लिहा.

शिफारसपत्रं तीन लागतात. एक क्लिनिकल सुपरवायझरचं, एक शेवटच्या वर्षी शिकवणाऱ्यांचं. तिसरं, जमलं तर, ज्यांच्या विषयात केटी लागली होती आणि नंतर ज्यांनी तुमची सुधारणा पाहिली त्यांचंच घ्या. आपल्याकडे 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही पद्धत आहे. ते करू नका. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी निघते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना एक पान टिपण द्या: कुठल्या केसेस, कुठलं सेमिनार, कुठल्या सत्रात काय बदल केला. पत्र भरायचा ऑनलाइन दुवा शक्यतो त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर जावा, आणि स्पॅममध्ये बघायला आठवण करून द्या.

केटीचा उल्लेख करा, पण तीन वाक्यांत. काय झालं, काय बदललं, पुरावा काय. उदाहरणार्थ: 'पहिल्या वर्षी शरीररचनेत मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले नाही. पाठ करण्यावर भर होता; दुसऱ्या प्रयत्नापासून मी प्रत्येक रचना एखाद्या विकाराशी जोडून शिकू लागले. शेवटच्या वर्षी डिस्फेजिया आणि न्यूरोजेनिक विकारांत मला इतके गुण आहेत.' पुढे लगेच कामाकडे वळा. घरची अडचण खरी असली तर एका वाक्यात सांगा, परिच्छेद नको.

उरलेल्या एसओपीत तुमचं डोकं क्लिनिकमध्ये कसं चालतं ते दिसू द्या. मराठीत काम करणाऱ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च हे दोन वेगळे ध्वनी आहेत. हिंदीतून उचललेली उच्चार-चाचणी हा फरक पकडतच नाही. ळ आणि ण तपासताना शब्दाच्या सुरुवातीची जागा मिळत नाही, कारण ते ध्वनी आपल्याकडे शब्दारंभी येत नाहीत. इंग्रजी चाचणीचं मराठी भाषांतर केलं तरी तिचे नॉर्म्स मराठी मुलाला लावता येत नाहीत. असं एखादं निरीक्षण आणि त्यावर तुम्ही काय तोडगा काढला, एवढ्यावर अर्धं पान लिहा. 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं.

मुक्ता_ना

सुलेखाताई, अनुस्वार, मनापासून आभार. वेसच्या गणकात विषयवार भरलं, २.९ च्या आसपास येतंय. दोन शंका. एक, एयूडी सोपं पडेल का? दुसरं, एका सल्लागाराने सांगितलं की पहिल्या प्रयत्नाच्या गुणपत्रिका द्यायचीच गरज नाही, फक्त पास झालेल्या द्या.

अनुस्वार

दुसऱ्याचं उत्तर आधी. त्या सल्लागाराकडे परत जाऊ नका. अर्जात तुम्ही सही करून सांगता की सगळी शैक्षणिक नोंद दिली आहे. ट्रान्सक्रिप्टवर प्रयत्न दिसतातच, आणि लपवलेलं पुढे कधीही उघड झालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. दोन केटी हे क्षम्य आहे, लपवणं नाही.

एयूडीला अर्जदार तुलनेने कमी असतात हे खरं. पण तो बहुतेक ठिकाणी ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे, काही ठिकाणी ३; एसएलपीचं एमएस साधारण २ वर्षांचं. बीएएसएलपी झालंय म्हणून सहसा वर्ष कमी होत नाही. दुप्पट फी आणि दुप्पट राहण्याचा खर्च. शिवाय तुमचा अडलेला पेपर ध्वनिशास्त्राचाच आहे, आणि एयूडीत पहिल्याच सत्रात ध्वनिशास्त्र आणि सायकोअकूस्टिक्स येतं. ऑडिओलॉजी मनापासून हवी असेल तर जरूर जा, पण मग भौतिकशास्त्राचा ताजा ए सोबत घेऊन जा.

नादबिंदू

भारतातल्या एम.एस्सी.बद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते मुक्ता यांनी ही वाट 'नाहीच जमलं तर' म्हणून ठेवू नये. ५६ टक्क्यांना इथे खरोखर समान संधी आहे.

कारण साधं आहे: पदवीची टक्केवारी इथे मुख्यतः पात्रतेपुरती लागते. अनेक ठिकाणी ५५ ची अट असते, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना सवलत. तुम्ही ती ओलांडली आहे. पुढचं मुख्य वजन प्रवेश परीक्षेचं. म्हैसूरची आयश (अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, १९६५ पासूनची), वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३ पासूनची) यांच्या स्वतःच्या परीक्षा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी सेलची एम.एस्सी. (ए अँड एसएलपी) सीईटी. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया वेगळी. अर्ज भरताना ऑडिओलॉजी आणि एसएलपी या आता दोन वेगळ्या पदव्या आहेत हे लक्षात ठेवा, पसंतीक्रम विचार करून द्या. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण हवी हे प्रवेशपुस्तिकेत आधी बघा. गुण असूनही कागदाअभावी जागा जाते ती इथे.

अभ्यासात वेळ कुठे घालायचा? ऑडिओलॉजीत मास्किंग (एक कान तपासताना दुसऱ्यात आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवणं). नियम पाठ असतात, पण ऑडिओग्रॅम समोर आला की चुकतं. सुप्रा-ऑरल (कानावर टेकणाऱ्या) हेडफोनला आंतरकर्ण क्षीणन (एका कानाकडून दुसऱ्याकडे जाताना आवाज किती घटतो) ४० डीबी धरा, हाडाच्या वहनाला ०. तपासायच्या कानाचा वायुवहन उंबरठा आणि दुसऱ्या कानाचा अस्थिवहन उंबरठा यांत ४० किंवा जास्त फरक असेल तर मास्क करायचं. बहुतेक जण दोन्ही कानांच्या वायुवहनाचीच तुलना करतात आणि दुसऱ्या कानात कंडक्टिव्ह दोष असेल तिथे उत्तर चुकवतात. प्लॅटो पद्धत (मास्किंगचा आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत जाण्याची) हातानं वीसेक ऑडिओग्रॅमवर सोडवा, नुसती वाचू नका.

टिंपॅनोमेट्रीत (मध्यकर्णाची दाब-चाचणी) टाइप बी (सपाट आलेख) दिसला की लगेच 'कानात पाणी' लिहू नका. कर्णनलिकेचा आकार मोठा दाखवत असेल तर पडद्याला छिद्र, नेहमीइतका असेल तर मध्यकर्णात द्रव, फार कमी असेल तर मळ किंवा प्रोब भिंतीला टेकलेला. एबीआरमध्ये (ध्वनीला मेंदूच्या खोडाकडून येणाऱ्या प्रतिसादाची चाचणी) पहिल्या आणि पाचव्या लहरीतलं अंतर साधारण ४ मिलिसेकंद. ते वाढलं तर कॉक्लियाच्या मागे शोधायचं. २००० हर्ट्झला अस्थिवहनात खाच दिसली तर ओटोस्क्लेरोसिस (मध्यकर्णातलं हाड घट्ट होणं) आठवा.

एसएलपीत अफेझियाचे प्रकार तीन प्रश्नांवर बसवा: बोलणं ओघवतं आहे का, समज शाबूत आहे का, पुनरुच्चार जमतो का. ब्रोका आणि ट्रान्सकॉर्टिकल मोटर यांतला फरक फक्त तिसऱ्या उत्तरात आहे. डिसआर्थ्रिया (बोलण्याच्या स्नायूंवरच्या ताब्याचा दोष) आणि वाचेचा अ‍ॅप्रॅक्सिया (बोलण्याची हालचाल आखण्याचा दोष) वेगळे करताना चुका एकसारख्या येतात की बदलत्या, हे बघा. संख्याशास्त्राला घाबरून पाच-सात प्रश्न सोडून देणारे फार असतात. कोणत्या आकडेवारीला कोणती चाचणी, एवढं पक्कं केलं तरी ते गुण हातात येतात, आणि कमी टक्केवारीच्या मुलाला तेवढेच पुढे नेतात.

सुलेखा_डी

नादबिंदूंशी सहमत. दोन्ही वाटा एकाच वर्षात चालवता येतात, अभ्यास बराचसा तोच आहे.

थोडं राहिलेलं. अमेरिकेतले ऑनलाइन मास्टर्स यादीतून काढून टाका. त्यावर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा मिळत नाही आणि भारतातून प्लेसमेंटचे तास होत नाहीत. निवडलेला अभ्यासक्रम सीएएची (आशाची अभ्यासक्रम-मान्यता समिती) मान्यता असलेला, किंवा 'कँडिडेट' दर्जाचा हवा. कँडिडेट म्हणजे नवा अभ्यासक्रम. तिथून पदवी घेतलेल्यांनाही प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि नाव अजून झालेलं नसल्याने अर्जांची गर्दी कमी असू शकते. तुमच्या यादीत असे दोन जरूर ठेवा. एकूण सहा ते आठ ठिकाणं पुरेत: दोन अपवाद मागणारे, तीन शेवटचे ६० क्रेडिट बघणारे, बाकी नवे. पंधरा ठिकाणी तोच एसओपी पाठवण्यापेक्षा हे बरं.

जीआरई अनेक ठिकाणी आता लागत नाही. जिथे ऐच्छिक आहे तिथे गुण चांगले असतील तरच पाठवा. टोफेलमध्ये मात्र बोलण्याच्या गुणांची वेगळी अट या शाखेत बऱ्याचदा असते, एकूण बेरजेवर विसंबू नका.

पदवीनंतर क्लिनिकल फेलोशिप (प्रमाणपत्राआधीचं देखरेखीखालचं काम) ३६ आठवड्यांची असते, पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३५ तास. ती ओपीटीच्या (पदवीनंतर काम करायची परवानगी) १२ महिन्यांत बसते, पण एसटीईएमची (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी) मुदतवाढ या शाखेला नाही. म्हणून पदवी हाती येण्याआधीच फेलोशिपची जागा ठरवावी लागते. प्रमाणपत्रासाठीची प्रॅक्सिस परीक्षाही (एसएलपीला १६२ गुण हवेत) शेवटच्या सत्रात देऊन टाकावी.

आणि ब्रिटनचा विचार असेल तर तिथे दुसरी पदवी घ्यावीच लागते असं नाही. बीएएसएलपीवर एचसीपीसीकडे (तिथली आरोग्य व्यवसायांची नोंदणी परिषद) थेट नोंदणीचा अर्ज करता येतो. टक्क्यांपेक्षा ते अभ्यासक्रम आणि अनुभव त्यांच्या निकषांशी ताडून बघतात. अडसर आयईएलटीएसचा: एकूण ८, आणि कुठल्याही भागात ७.५ च्या खाली नाही. लेखनात बहुतेक जण ७ वर थांबतात.

मुक्ता_ना

म्हणजे आत्ता सीआरआर (आरसीआयच्या नोंदणीचा) नंबर काढून नोकरी, सोबत संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र, मे-जूनमध्ये इथल्या प्रवेश परीक्षा, आणि पुढच्या हिवाळ्यात अमेरिकेचे अर्ज. क्रम बरोबर आहे का?

अनुस्वार

बरोबर आहे. फक्त प्रवेश परीक्षांच्या तारखा दरवर्षी हलतात, मार्चपासून सूचना बघत राहा. कॉलेजचे विषय ऑगस्टच्या सत्रात घेतले तर ग्रेड डिसेंबरअखेर येतील आणि १ डिसेंबरची मुदत असलेल्या ठिकाणी ते 'चालू' म्हणूनच दिसतील. म्हणून पहिले दोन मे-जूनच्या उन्हाळी सत्रात घ्यावे लागतील. ते परीक्षांच्या आड येत असतील तर जानेवारीचं सत्र गाठा. सीएसडीकॅसचा अर्ज मुदतीच्या महिनाभर आधी जमा करा. पडताळणीला वेळ लागतो, आणि एखादी गुणपत्रिका जुळली नाही तर तो अर्ज परत येतो. उत्तरं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. प्रतीक्षा यादीत नाव आलं तर सोडून देऊ नका. १५ एप्रिलच्या आसपास ज्यांना चार ठिकाणी प्रवेश मिळालाय ते तीन जागा सोडतात आणि यादी तेव्हा हलते. तोवर ऑगस्टच्या सत्राचे ग्रेड नव्याने आले असतील तर सुधारित ट्रान्सक्रिप्ट विभागाला पाठवून द्या. त्या दोन आठवड्यांत मेल रोज बघा, जागा देऊ केली की एक-दोन दिवसांत उत्तर मागतात.